घरच्या नॅससाठी महागडं कॅबिनेट: तयार डबा, असेंबल टॉवर की एचएल१५?

नॅस म्हणजे घरातल्या सगळ्यांना नेटवर्कवरून वापरता येणारा हार्ड डिस्कचा साठा. त्यातल्या डिस्कची संख्या चारच्या पुढे गेली की तीन रस्ते दिसतात. सिनॉलॉजी किंवा क्यूनॅपचा तयार डबा, स्वतः असेंबल केलेला टॉवर, आणि तिसरा म्हणजे ४५ड्राइव्ह्ज या कॅनडातल्या कंपनीचा एचएल१५. हा डेटा सेंटरच्या घराण्यातला, पण घरगुती हौशी लोकांसाठी म्हणून २०२३ मध्ये आणलेला सर्व्हर. रिकामं कॅबिनेट आणि बॅकप्लेन (ज्यात डिस्क थेट खोचतात तो बोर्ड) बाजारात आलं तेव्हा ८०० डॉलरच्या आसपास होतं, आतला कंप्युटर भरून घेतला तर सुमारे २०००. त्यात हार्ड डिस्क एकही नाही. एवढे पैसे कुणी का द्यावेत, हा प्रश्न रास्तच आहे. मी तिन्ही प्रकार हाताळले आहेत, म्हणून जे वाटतं ते लिहितो. तुमची गरज वेगळी असेल तर उत्तरही वेगळं येईल.

माझा साठा मुख्यतः गाण्याचा. ग्वाल्हेरात, विशेषतः लष्कर भागातल्या जुन्या मराठी घरांतून, स्पूल आणि कॅसेट अजून कपाटांत पडून आहेत. घरगुती बैठका, गणेशोत्सवातली गाणी, कीर्तनं. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर उतरवलं की तासाला दोन जीबीहून थोडं जास्त होतं. मिनीडीव्ही टेपवरचं लग्न किंवा मुंज असेल तर तासाला सुमारे १३ जीबी. आकार फार मोठा नाही, पण जुनी टेप एकदा वाजली म्हणजे पुन्हा वाजेलच याची खात्री नसते. सिनेमे परत मिळतात, हे परत मिळणार नाही. माझं मत याच काळजीतून आलेलं आहे.

तयार डब्याबद्दल थोडक्यात. पुण्याला बहिणीकडे चार बेचा (बे म्हणजे एका डिस्कची जागा) एक मीच लावून दिला आहे, माझी दुसरी प्रत तिथे असते. घरात कुणालाही तो वापरता येतो, फोनवरचे फोटो आपोआप जातात, तक्रार नाही. चार डिस्कवर ज्यांचं भागतं त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल. मात्र पैसे सॉफ्टवेअरचे आहेत हे मनात ठेवून घ्या, कारण हार्डवेअर बेताचंच असतं. सिनॉलॉजीचा डीएस९२३+ अमेरिकेत ६०० डॉलरचा होता आणि आत दोन कोअरचा रायझन आर१६०० व ४ जीबी रॅम. शिवाय एप्रिल २०२५ मध्ये याच कंपनीने त्या वर्षीच्या प्लस मालिकेत फक्त आपल्या किंवा आपण मान्य केलेल्या डिस्कच पूर्णपणे चालतील असं ठरवलं. ऑक्टोबरमध्ये डीएसएम ७.३, म्हणजे त्यांच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती, आली तेव्हा नेहमीच्या डिस्कवरची ती अट काढली. अट गेली हे चांगलंच झालं, पण विकलेल्या डब्यात कोणती डिस्क चालावी हे पुढेही त्यांच्याच हातात आहे, आणि मला ते खटकतं.

असेंबल टॉवर हा माझा जुना सोबती. सकाळच्या गाडीने दिल्लीला जायचं, नेहरू प्लेसमधून आठ डिस्क जोडणारं सेकंडहँड एलएसआय ९२११-८आय कार्ड आणायचं, डिस्क थेट कंप्युटरला दाखवणारं आयटी मोडचं फर्मवेअर घालायचं, साधा आय३ प्रोसेसर आणि वर ट्रूनॅस हे नॅसचं सॉफ्टवेअर. पैशाच्या हिशेबात याला तोड नाही. झेडएफएस (डिस्क एकत्र जोडून डेटा सांभाळणारी त्यातली व्यवस्था) आपलं काम चोख करतं, काही बिघडलं तर कुठलाही भाग दुसऱ्या दिवशी मिळतो. नुसती बेरीज करायची तर तुलना इथेच संपते.

माझ्यासाठी ती संपली नाही, कारण केबल.

ग्वाल्हेरचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांना धुळीचं वेगळं सांगायला नको. पारा पंचेचाळीसच्या वर, आणि मध्येच आंधी आली की बंद खिडक्यांच्या फटींतूनही पिवळसर थर घरभर बसतो. पंख्यांच्या पात्यांवर तो थर चढला की डिस्कचं तापमान वाढायला लागतं, म्हणजे कॅबिनेट उघडून ब्लोअर मारणं आलंच. आठ डिस्क म्हणजे डेटाच्या आठ साटा केबल, आठ पॉवर कनेक्टर आणि एसएमपीएसकडून, म्हणजे पॉवर सप्लायकडून, येणारे स्प्लिटर. एवढ्या गुंत्यात हात घालून सफाई करताना कुठली तरी केबल केसभर हलतेच. त्या वेळी काही कळत नाही. चार-सहा दिवसांनी पूल (सगळ्या डिस्कचा एकत्र साठा) डिग्रेडेड झाल्याची, म्हणजे त्यातली एक डिस्क गळाल्याची, सूचना येते.

आता डिस्क गेली की केबल? डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते त्या स्मार्टमधला १९९ क्रमांकाचा आकडा, म्हणजे यूडीएमए सीआरसी एरर काउंट (डेटा ये-जा करताना झालेल्या चुका), वाढला असेल तर बहुतेक वेळा डिस्क ठणठणीत असते आणि दोष केबलचा निघतो. पण ती आठांतली कोणती? सिरियल नंबर असतो वरच्या लेबलवर, आणि लेबल शेजारच्या डिस्ककडे तोंड करून. मी प्रत्येक डिस्कच्या कडेला सिरियलचे शेवटचे चार आकडे चिकटवले होते. मे महिन्यात त्या पट्ट्यांचा गोंद वाळला आणि त्या तळाशी जाऊन पडल्या. मग सगळं बंद करायचं, एकेक डिस्क सरकवून बघायची, आणि ते करताना शेजारची केबल सैल होणार नाही अशी आशा धरायची. एक डिस्क आधीच बाहेर असताना दुसऱ्या चांगल्या डिस्कची केबल निसटणं, याची मला खरी धास्ती होती.

यात हाताचा दोष थोडा आणि कनेक्टरचा जास्त. साटाच्या मानकात साध्या केबलच्या कनेक्टरला ५० वेळा काढघाल सोसायची अपेक्षा आहे, बॅकप्लेनच्या कनेक्टरला ५००. ज्या घरात धूळ वर्षातून एकदा पुसली जाते तिथे ५० पुष्कळ झाले. इथे नाही. ओतीव प्लास्टिकच्या स्वस्त स्प्लिटरचं आणखी वेगळं: आत तारा सरकून शॉर्ट होतात आणि प्लास्टिक जळतं. घ्यायचेच तर क्रिंप केलेले, म्हणजे तारांवर धातूचं टोक दाबून बसवलेले, घ्या.

एचएल१५ मधली किंमत नेमकी याच जागी वसूल होते. याचं मूळ ऑनलाइन बॅकअप देणाऱ्या बॅकब्लेझच्या स्टोरेज पॉडमध्ये, म्हणजे डिस्कने भरलेल्या सर्व्हरमध्ये, आहे. २००९ मध्ये त्या कंपनीने ४५ डिस्कच्या आपल्या पॉडचा आराखडा सगळ्यांसाठी खुला केला, ६७ टीबी ७,८६७ डॉलरमध्ये. त्याची कॅबिनेट नोव्हा स्कोशियातली प्रोटोकेस बनवत असे, आणि त्यातूनच ४५ड्राइव्ह्ज उभी राहिली. म्हणून डिस्क बसवायची पद्धत तीच: वरचं झाकण उघडायचं आणि डिस्क उभी आत सोडायची. ट्रे नाही, स्क्रू नाही. खाली बॅकप्लेनवर ती बसल्याचं हाताला कळतं. पंधरा डिस्कसाठी मागे डेटाच्या चार केबल, त्या एकदा लावल्या की पुन्हा हात लावायचं कारण नाही. मी आता मशीन बंद करून डिस्क वर उचलून काढतो, ब्लोअर मारतो आणि परत सोडतो. हे कॅबिनेट आल्यापासून माझा १९९ चा आकडा हललेला नाही. ही काही प्रयोगशाळेतली चाचणी नव्हे, एका घरातला अनुभव आहे.

दुसरी आवडलेली गोष्ट म्हणजे मदरबोर्ड, पंखे आणि एसएमपीएस सगळं नेहमीच्या मापाचं. खऱ्या रॅक सर्व्हरचा पॉवर सप्लाय गेला तर शोधत बसावं लागतं, हा इथल्या दुकानातही मिळतो.

मात्र भरलेला सर्व्हर घेऊ नका, निदान भारतात तरी. सुरुवातीला त्यात झिऑन ब्राँझ ३२०४ येत असे, २०१९ चा, सहा कोअर, १.९ गिगाहर्ट्झ, हायपरथ्रेडिंग नाही. ईसीसी (चुका दुरुस्त करणारी) रॅम आणि दुरून ताबा ठेवायची सोय चांगली, पण घरच्या कामाला साधा आय३-१२१०० त्यापेक्षा चपळ वाटतो आणि वीज कमी खातो. कंप्युटर पाच वर्षांत जुना होतो, पोलाद होत नाही. त्यामुळे कॅबिनेटचे पैसे मला रास्त वाटतात आणि आतल्या कंप्युटरचे वाटत नाहीत. ८०० भागिले १५, म्हणजे एका बेला सुमारे ५३ डॉलर. भाडं, सीमाशुल्क, आयजीएसटी धरून माझ्या दारात येईपर्यंत रिकामं कॅबिनेटही जवळपास दीडपट पडलं, हे लपवत नाही. चीनहून येणारी आठ बेची छोटी कॅबिनेट बरीच स्वस्त आहेत आणि त्यांतही बॅकप्लेन असतं. एसी खोली असेल तर ती जरूर बघा. एका मित्राकडे तसं एक आहे, मे-जूनमध्ये त्याच्या डिस्क माझ्यापेक्षा गरम दिसतात, पण खोल्या वेगळ्या असल्याने याला फार वजन देऊ नका. कुठलंही घेतलंत तरी कूलरच्या झोतात ठेवू नका, खसाची ओली हवा धातूला चांगली नाही.

पंधराच्या पंधरा बे भरायची घाई नको. ३.५ इंची डिस्क नुसती फिरत राहायला पाचेक वॅट घेते, आणि सुरू होताना १२ व्होल्टवर दोनेक अँपिअर ओढते. पंधरा एकदम सुरू झाल्या तर त्याच ३६० वॅट मागतील, आणि घरगुती यूपीएस हात टेकेल. सगळा सर्व्हर मिळून १०० वॅट अखंड धरले तरी वर्षाला ८७६ युनिट होतात. माझ्याकडे आठच आहेत. रिकाम्या बेचा फायदा डिस्क बदलताना कळला: म्हातारी डिस्क न काढता नवी शेजारी बसवायची आणि झेडएफएसला बदली सांगायची. जुनी शेवटपर्यंत साथ देते, पूल एकदाही उघडा पडत नाही. टॉवरमध्ये आठव्या डिस्कनंतर ही मुभाच नव्हती.

ऑर्डर देण्याआधी एक करून बघा. आज घरात असेंबल टॉवर असेल तर प्रत्येक डिस्कचा १९९ चा आकडा वहीत लिहून ठेवा आणि पुढची सफाई झाल्यावर आठवड्याभराने पुन्हा तपासा. आकडे तिथेच असतील तर हे पैसे मोठ्या डिस्कमध्ये आणि दुसऱ्या गावातल्या प्रतीत घाला. वाढले असतील तर रिकाम्या कॅबिनेटचा भाव मागवा.