ॲन्सिबल की पपेट? शंभर-दोनशे सर्व्हर सांभाळणाऱ्यांसाठी

कोणतं पॅकेज हवं, कोणती सर्व्हिस चालू हवी, कॉन्फिग फाइलीत काय असावं हे एकदा लिहायचं आणि सगळ्या मशीनवर तसंच करून घ्यायचं, इथवर ॲन्सिबल आणि पपेट या दोन्ही साधनांचं काम सारखंच. निवडताना बहुतेक टीम ‘ॲन्सिबलचं यामल सोपं की पपेटची स्वतःची भाषा’ यावर भांडत बसतात. दोन्ही भाषा पंधरवड्यात हाताखाली येतात, त्यामुळे तो वाद बाजूला ठेवा. आधी हे ठरवा: सर्व्हर तुम्ही सांगाल तेव्हाच बदलायला हवा, की तुमचं लक्ष नसतानाही ठरल्याप्रमाणे राहायला हवा?

पपेट लक्ष ठेवणारं आहे. प्रत्येक मशीनवर एजंट, म्हणजे सतत चालणारा छोटा प्रोग्राम, बसतो. तो डिफॉल्टनुसार दर 30 मिनिटांनी पपेट सर्व्हरच्या 8140 पोर्टवर जातो, आपला कॅटलॉग, म्हणजे त्या मशीनवर काय असावं याची यादी, आणतो आणि फरक दिसला की दुरुस्त करतो. समजा रात्री कुणी घाईघाईत एसएसएचच्या (दुरून लॉगिन करण्याच्या सोयीच्या) कॉन्फिगमध्ये रूट लॉगिन चालू केलं आणि तसंच सोडलं. ती फाइल पपेटच्या ताब्यात असेल, तर पुढच्या फेरीत ते बंद होतं, रिपोर्टमध्ये नोंदही राहते. ऑडिटवाले खूश. प्रॉडक्शन वाचवायला ज्याने हाताने बदल केला होता, तो मात्र सकाळी डोकं धरून बसतो.

याचा त्रास सर्टिफिकेटमध्ये आहे. नवं मशीन आलं की त्याची विनंती साइन करा. तेच मशीन त्याच नावाने पुन्हा उभं केलं की सर्व्हरवरचं जुनं सर्टिफिकेट साफ करा, नाहीतर एजंट जुळत नाही म्हणून अडून बसतो. शिवाय पपेट सर्व्हर जेव्हीएमवर (जावा प्रोग्राम चालवणाऱ्या थरावर) चालतो, तेव्हा त्याच्या मेमरीकडे बघणं आलंच.

ॲन्सिबलला एजंट लागत नाही. लिनक्सवर एसएसएच आणि पायथन असलं की भागतं, विंडोजसाठी विनआरएम ही विंडोजचीच दुरून हुकूम द्यायची सोय. पहिल्याच दिवशी काम सुरू होतं, आणि त्याच्या लोकप्रियतेचं अर्धं कारण तेच. पण फोर्क्सची, म्हणजे एकाच वेळी किती मशीनवर काम करायचं याची, डिफॉल्ट संख्या 5 आहे. दोनशे मशीनवर प्लेबुक (कामांची लिहिलेली यादी) सोडलं की एका वेळी पाचच मशीन हलतात, आणि लोक साधनालाच संथ म्हणतात. आकडा वाढवा, एसएसएचच्या फेऱ्या कमी करणारं पाइपलायनिंग चालू करा.

पायथनची अटही हलकी घेऊ नका. ॲन्सिबल-कोर 2.17 ने टार्गेटवरच्या पायथन 3.6 चा आधार काढला. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स 8 चं सिस्टिम पायथन तेच असल्याने तिथे पॅकेज बसवणारं मॉड्यूलच अडतं. असे सर्व्हर असतील तर 2.16 वर थांबावं लागतं.

तैनाती हेच मुख्य काम असेल, तर माझं मत सरळ ॲन्सिबलला. लोड बॅलन्सरमधून दोन नोड काढा, ॲप थांबवा, नवी आवृत्ती टाका, तपासा, परत जोडा, मग पुढचे दोन: हा क्रम मशीनचे छोटे गट पाडणारं ‘सीरियल’ वापरून नीट लिहिता येतो. पपेटमध्ये अनेक मशीनमधला असा क्रम फिरत्या एजंटांच्या भरवशावर बसवणं म्हणजे द्राविडी प्राणायाम. त्यासाठी पपेटचं बोल्ट हे एजंटाविना चालणारं साधन आहे, पण मग तुम्ही ॲन्सिबलच्याच पद्धतीवर आलात.

पाठीमागच्या कंपन्याही पाहा. ॲन्सिबल 2015 पासून रेड हॅटकडे आहे. पपेट 2022 मध्ये परफोर्सने घेतलं. पुढे कंपनीने तयार पॅकेजेसची वाट आवळल्यावर समुदायाने त्याच कोडवरून ओपनवॉक्स नावाची वेगळी आवृत्ती काढली. आज नव्याने पपेट उभारणाऱ्याने परवाना घ्यायचा की ओपनवॉक्स, हे आधीच नक्की करावं.

बँकेसारख्या ठिकाणी, जिथे नियमपालन रोज दाखवावं लागतं आणि मशीन वर्षानुवर्षं तीच राहतात, तिथे पपेट अजूनही सरस. बेसलाइन (सर्व्हरची कायमची मूळ मांडणी) पपेटकडे आणि रिलीज ॲन्सिबलकडे अशी वाटणीही चालते. फक्त एक फाइल दोघांच्या ताब्यात देऊ नका. ॲन्सिबलने लिहिलेलं पपेट पुढच्या फेरीत पुसतं, आणि त्या फाइलीला सर्व्हिस जोडलेली असेल तर भर दुपारी रीस्टार्टही करतं.