चांदीचा धागा की स्टीलचा?

कोल्हापुरातल्या तालमीतल्या पोरांच्या बनियनमध्ये ईसीजीचे इलेक्ट्रोड, म्हणजे कातडीवरून हृदयाचा विजेचा सिग्नल टिपणारे तुकडे, शिवायचेत, धागा कुठला घेऊ, असं इचलकरंजीचा भाचा विचारतोय. वेष्टनावरचे दावे बाजूला ठेव.

चांदीचा मुलामा दिलेला नायलॉन मऊ असतो, मशीनवर सरळ चालतो, विजेला रोधही कमी. पण घामानं काळवंडतो, धुऊन धुऊन मुलामा झिजतो. ब्लीच तर लांबच ठेव. स्टीलचा धागा धुण्याला भीक घालत नाही. मात्र ताठ, कधी टोचरा.

कोरड्या कातडीवर दोन्ही रुसतात, घाम फुटला की सिग्नल सुधारतो. कापड सरकलं की आलेख नाचलाच, म्हणून बनियन घट्ट हवा.

कॉलेजच्या प्रात्यक्षिकाला चांदी घे. रोज जोर-बैठका आणि रोज धुणं असेल तर स्टील. प्रत्यक्ष कुस्तीत दोन्ही नकोत.