रोज ठाणे, वर्षातून दोनदा ट्रॅक: फास्ट रोड ब्रेक पॅडचा आठ महिन्यांचा अनुभव

गाडी टर्बो पेट्रोल हॅचबॅक, वजन ११०० किलोच्या आसपास, पुढे व्हेंटिलेटेड डिस्क, मागे ड्रम. फेब्रुवारीत पुढच्या चाकांना फास्ट रोड प्रकारचे, म्हणजे लो-मेटॅलिक कंपाउंडचे (घर्षणाच्या मिश्रणात थोडे धातूचे कण असलेले) पॅड बसवले. ऑक्टोबरपर्यंत ११,००० किलोमीटर झाले. त्यात घोडबंदर रोड, ठाणे-बेलापूर रोड, एक्स्प्रेस-वेचा घाट, अख्खा पावसाळा आणि कोईम्बतूरच्या करी मोटर स्पीडवे या रेस ट्रॅकवरचे दोन ट्रॅक दिवस (स्वतःची गाडी ट्रॅकवर जोरात चालवायचे दिवस) आले. पॅडच्या कंपनीचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. एकच कंपनी सारख्या दिसणाऱ्या डब्यांत तीन-चार कंपाउंड विकते आणि नाव बघून घेणाऱ्याच्या हाती भलताच डबा पडतो. कंपाउंडचा प्रकार बघा, नाव नंतर.

पॅड घेताना बहुतेक जण वरचं तापमान विचारतात. डब्यावरचा ७०० किंवा ८०० अंशांचा आकडा आकर्षक असतो खरा, पण आधी विचारायला हवं ते खालचं: पॅड गार असताना पहिलाच ब्रेक कसा लागतो? जुलैत सकाळी सातला कापूरबावडीला रिक्षा अचानक आडवी येते तेव्हा डिस्क ओली आणि जेमतेम ३० अंशांवर असते. अस्सल रेस पॅडला पकड धरायलाच शंभर-दोनशे अंश लागतात. तिथपर्यंत तो पेडलखाली लाकडासारखा वागतो आणि गार असताना डिस्क खरवडतो ते वेगळंच. शिवाय करीचा ट्रॅक इथून बाराशे किलोमीटरच्या आसपास आहे. गाडी चालवत नेणार असाल तर जाऊन-येऊन अडीच हजार किलोमीटर हायवे त्याच पॅडवर कापायचा. म्हणून एकच सेट ठेवायचा असेल तर तो रस्त्याचा हवा, ट्रॅक सोसणारा. ट्रॅकचा आणि रस्त्यावर कसाबसा चालणारा नको.

या पॅडने पहिल्या ब्रेकची परीक्षा चांगली पार पाडली. रात्रभर उघड्यावर उभी राहिलेली गाडी बाहेर काढताना पहिला ब्रेक ओरिजिनल पॅडच्या किंचित मागे, दुसऱ्यापासून पुढे. मुसळधार पावसात हायवेवर बराच वेळ ब्रेक लागला नसेल तर डिस्कवरचं पाणी पुसलं जाईपर्यंत क्षणभर काहीच होत नाही. ते सगळ्याच पॅडना होतं. दर काही मिनिटांनी हलकासा ब्रेक टेकवून डिस्क कोरडी करत राहायचं.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. चांगल्या पॅडमुळे रस्त्यावरचं थांबायचं अंतर फारसं कमी होत नाही. पहिल्या जोरदार ब्रेकला ओरिजिनल पॅडही एबीएस चालू करतो. तिथून पुढे मर्यादा टायरची. फरक पडतो तो पाचव्या, सहाव्या, दहाव्या ब्रेकला. १३० वरून ६० वर येताना जी ऊर्जा डिस्कमध्ये जाते, ती ६० वरून थांबण्याच्या साडेतीन पटींहून जास्त असते, आणि करीचा ट्रॅक फक्त २.१ किलोमीटरचा. सरळ भाग आखूड, त्यामुळे डिस्कला गार व्हायला वेळच मिळत नाही.

पॅडच्या पाठीवर किंवा कडेला दोन अक्षरांचा कोड छापलेला असतो, तो वाचायला शिका. पहिलं अक्षर साधारण ९० ते २०० अंशांमधलं घर्षण (घर्षणांक) सांगतं, दुसरं त्याहून गरम असतानाचं. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं असेल, तर तो पॅड तापल्यावर ढिला पडतो. पण ही चाचणी साडेतीनशे अंशांच्या आतच संपते, म्हणून एफएफ बघून ट्रॅकबद्दल काहीही ठरवू नका. युरोपीय पॅडवर आर९० (बदली पॅडसाठीचा नियम) ची खूण असेल तर त्याची कामगिरी ओरिजिनलच्या १५ टक्के आत-बाहेर आहे एवढी खात्री मिळते.

बसवताना लागलेला वेळ दीड तास, त्यातला निम्मा साफसफाईत गेला. कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्याच्या) स्लाइड पिना बाहेर काढून पुसून सिलिकॉन ग्रीस लावायलाच हवं. खाडीच्या दमट हवेत त्या हमखास जाम होतात. पिस्टन मागे ढकलण्याआधी ब्रेक ऑइलच्या टाकीची पातळी बघा, भरलेली असेल तर ऑइल वर येऊन बॉनेटखालचा रंग उकलतो. डिस्कची जाडी मायक्रोमीटरने मोजा. व्हर्निअर कडेच्या उंच ओठावर बसतो आणि जाडी जास्त दाखवतो. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते.

यानंतर बेडिंग, म्हणजे नवा पॅड डिस्कवर बसवून घेणं. पहिले २०० किलोमीटर जोरात ब्रेक लावला नाही. मग पहाटे, मागे कोणी नाही हे आरशात बघून, ८० वरून २० पर्यंत दहा वेळा, पूर्ण न थांबता. शेवटच्या दोन-तीन वेळी जळका वास येतो, तो अपेक्षित आहे. नंतर पंधरा किलोमीटर ब्रेक जवळजवळ न लावता डिस्क गार केली. याचा हेतू डिस्कवर पॅडच्या मटेरियलचा सारखा पातळ थर चढवणं हा असतो. हे टाळलं, किंवा तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून सिग्नलला उभे राहिलात, की थर एका जागी जाड बसतो आणि स्टिअरिंग थरथरतं. गॅरेजमध्ये त्यालाच ‘डिस्क वाकली’ म्हणतात. बहुतेक वेळा ती वाकलेली नसते.

पॅडपेक्षा जास्त ट्रॅक दिवस वाया जातात ते ब्रेक ऑइलमुळे. नाव ऑइल असलं तरी ते हवेतलं पाणी शोषणारं ग्लायकोलचं द्रव आहे. डॉट ४ या ब्रेक ऑइलच्या प्रतीच्या मानकानुसार नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळायला नको, पण ३.७ टक्के पाणी शोषल्यावर हीच हद्द १५५ वर येते. डॉट ५.१ ला हेच आकडे २६० आणि १८०. (नुसतं डॉट ५ हे सिलिकॉनचं वेगळंच द्रव आहे, ते यात मिसळायचं नाही.) नवी मुंबईसारख्या हवेत पावसाळा काढलेल्या ऑइलवर ट्रॅकवर जाणं धोक्याचं आहे. प्रत्येक ट्रॅक दिवसाआधी एक लिटरचा सीलबंद डबा, चारही चाकांच्या ब्रेक लाइनमधली हवा काढून पूर्ण बदल. गेल्या वर्षीचा उघडा डबा टाकून द्या.

बिघाड ओळखायची रीत सोपी आहे. पेडल टणक आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापून घसरतो आहे. पेडल मऊ होऊन खाली जातं, तर ऑइल उकळलं आहे. अशा वेळी पेडल पटापट दोन-तीनदा मारा, गिअर उतरवा आणि त्याच लॅपला पिटमध्ये या.

करीवर डिस्कच्या कडेला तापमान दाखवणारे रंग लावले होते: हिरवा ४३० अंशांना बदलतो, नारिंगी ५६० ला, लाल ६१० ला. एक हळू लॅप, तीन जोरात, एक गार करायला, असं चालवलं तेव्हा फक्त हिरवा बदलला आणि पेडल शेवटपर्यंत एकसारखं राहिलं. सलग सात लॅप जोरात केल्यावर नारिंगीही गेला आणि सहाव्या लॅपपासून ब्रेक लांबला. ओरिजिनल पॅडवर हे तिसऱ्याच लॅपला व्हायचं. इन्फ्रारेड गन यासाठी वापरू नका. चकचकीत डिस्कवर ती बरंच कमी तापमान दाखवते. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला लाकडी ठोकळा लावायचा.

तक्रारी दोन. एक, आवाज: सोसायटीच्या गेटवर शेवटच्या दहाच्या वेगात बारीक किंचाळतो, सकाळी जास्त. पॅडच्या कडा तिरक्या घासून आणि कानांवर (कॅलिपरच्या खाचेत बसणाऱ्या दोन टोकांवर) सिरॅमिक ग्रीस लावून निम्मा कमी झाला, गेला नाही. दुसरी, धूळ. यात लोखंडाचे कण असतात, आणि पावसात ते अलॉय व्हीलवर नारिंगी ठिपके पाडतात. आठवड्याला चाकं धुणं जमत नसेल आणि ट्रॅकवर जायचंच नसेल, तर सिरॅमिक पॅड घ्या. एक्स्प्रेस-वेचा घाट उतरायला तोही पुरतो, फक्त खालचा गिअर वापरायचा.

झीज: नवा असताना ११ मिलिमीटर, आता आतला ७, बाहेरचा ७.५. आतला एवढा पातळ असणं ठीक; फरक दोन मिलिमीटर झाला तर पीन जाम आहे. आतल्या पॅडचे दोन मिलिमीटर रस्त्यावर गेले, आणि दोन ट्रॅक दिवसांनी प्रत्येकी एक. पॅड पातळ झाला की डिस्कची उष्णता पिस्टनमार्गे थेट ऑइलला पोचते, म्हणून ट्रॅकवर ६ च्या खाली नेणार नाही. म्हणजे या सेटवर अजून एकच ट्रॅक दिवस, आणि मग ३ मिलिमीटरपर्यंत फक्त रस्ता.