खुडूक कोंबडी: अंड्यांवर बसवावी की खुडूक मोडावी?

कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायच्या हट्टाला पेटली: अंडी घालायच्या पेटीतून उठत नाही, हात नेला की पिसं फुलवून टोचते, अंडी बंद. आता काय?

बसवायची असेल तर आधी कळपात कोंबडा हवा. दुकानातल्या फार्मच्या अंड्यांतून काही निघत नाही. गावरान कोंबडी दहा-बारा अंडी सहज झाकते, 21 दिवसांत पिल्लं. ना यंत्र, ना विजेचं बिल. नागपुरात यासाठी हिवाळाच बरा. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, पारा 45 च्या आसपास असताना ती दाणापाणी सोडून पेटीत बसली, तर अंडी नासतात आणि तीही खंगते. शिवाय निम्मे कोंबडेच निघणार. दाट वस्तीत पहाटेच्या बांगेवरून शेजारी भांडायला येतात, ते वेगळंच.

मोडायची असेल तर जाळीच्या तळाचा पिंजरा विटांवर उंच ठेवा, सावलीत. आत गवत नको. दाणा-पाणी मात्र भरपूर. पोटाला खालून वारा लागला की तीन-चार दिवसांत बहुतेक कोंबड्या शुद्धीवर येतात. अंडी पुन्हा सुरू व्हायला मात्र एक-दोन आठवडे, कधी जास्तही. थंड पाण्यात बुचकळणं हा उगाच छळ.

उन्हाळ्यात मी तरी पिंजराच निवडेन, तोही पहिल्या-दुसऱ्या दिवशीच. जितका उशीर, तितकी ती हट्टी.