काचेच्या पेटीत कोणती गोगलगाय: चपटी की टोकदार?

फुप्फुसाने श्वास घेणारी गोड्या पाण्यातली गोगलगाय शाळेच्या प्रकल्पासाठी किंवा घरी पाळायची, तर गोव्यात निवड मुख्यतः दोघींत. एक चकतीसारखी चपटी इंडोप्लॅनॉर्बिस, दुसरी टोकदार शंखाची लिम्निया. दोघीही हवा घ्यायला पाण्याच्या पृष्ठभागावर येतात. मोठी पायला गोगलगाय यांत धरू नका. तिला फुप्फुसाबरोबर कल्लाही असतो आणि शंखाला झाकण असते.

गढूळ, पाला कुजलेल्या पाण्यात चपटी वरचढ. तिच्या रक्तात हिमोग्लोबिन असल्याने प्राणवायू कमी असला तरी ती तग धरते, आणि डबके आटले तर चिखलात दडून पावसाची वाट बघते. पाणी बदलायचा कंटाळा असेल तर हीच घ्या.

वर्गात मुलांना दाखवायचे असेल तर मात्र माझे मत लिम्नियाला. पानाच्या खालच्या बाजूला चिकटलेली तिची अंडी पारदर्शक, लांबट जेलीत असतात. भिंगातून पाहिले तर आत पिल्लू गोल फिरताना दिसते. दोघी उभयलिंगी असल्याने एकटीच ठेवली तरी अंडी होऊ शकतात. पेटी भरून गेली तर तक्रार नको!

शोधायला खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतात, जाऊ नका. मानशीतून (बांधातल्या पाण्याच्या दारातून) भरतीचे खारे पाणी येते तिथे या टिकत नाहीत. खारे पाणी न पोहोचणाऱ्या खेर जमिनीतली शेते, पाटाकडची डबकी बघा. कुडचड्याचे नंदा तळे 2022 पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे; तिथून काही उचलू नका आणि पाळलेली तिथे सोडूही नका.

गुरे डुंबतात तिथल्या मोठ्या गोगलगायी तर नकोतच. चपटीतून गुरांच्या नाकातल्या रक्तकृमींच्या अळ्या पाण्यात येतात. त्या माणसाच्या कातडीत शिरल्या की खाज सुटते. लिम्नियाच्या काही जाती यकृतकृमी वाहतात. म्हणून हातमोजे घालून अंडी लागलेले पानच आणा, कारण अंड्यातून हे कृमी येत नाहीत.

जांभ्या दगडातल्या विहिरीच्या पाण्यात चुना कमी, त्याने शंख झिजतो. तिसऱ्यांची (खाण्याच्या शिंपल्यांची) चार धुतलेली कवचे पेटीत टाका.

दुकानातल्या पाणवनस्पतींबरोबर तिसरी गोगलगाय, फायसा, न बोलावता येते. शंखाचे टोक वर धरून तोंड आपल्याकडे केले की तिचे तोंड डावीकडे, लिम्नियाचे उजवीकडे. ती उत्तर अमेरिकेतली, ओढ्यात सोडू नका.