कर्वेनगरातलं कॅन्सर सपोर्ट सेंटर: चहा मस्त, पार्किंग शून्य

आईच्या केमोच्या दिवसांत चार-पाच वेळा गेलोय म्हणून लिहितोय. जुना बंगला आहे, आत शिरलं की काउंटर नाही, टोकन नाही, "पेशंटचं नाव काय" नाही, डायरेक्ट स्वयंपाकघर आणि हे एवढं मोठं लाकडी टेबल, कोणीतरी म्हणतं बसा काकू, चहा टाकतेच आहे. पहिल्या दिवशी आई गप्प होती, दुसऱ्या खेपेला स्वतः उठून आलं किसायला लागली, तेव्हाच म्हटलं जमलं.

आयडिया मूळची ब्रिटनमधल्या मॅगीज सेंटर्सची. मॅगी केसविक जेंक्सला कॅन्सर परत आल्याचं कळलं आणि ते पचवायला मिळाला काय तर हॉस्पिटलचा बिनखिडक्यांचा कॉरिडॉर. ती १९९५ ला गेली, १९९६ ला एडिनबर्गमध्ये जुन्या तबेल्यात तिच्या कल्पनेतलं पहिलं सेंटर उघडलं, पुढे स्कॉटलंडमधल्याच डंडी शहरातलं तर नावाजलेला आर्किटेक्ट फ्रँक गेरीने केलं, पण किचन टेबल सगळीकडे मध्यभागी.

इथे गेरी वगैरे नाही हो, साधी शहाबादी फरशी आणि खिडकीबाहेर पारिजातक. पण बाथरूममधला आरसा बेसिनच्या समोर नाही, बाजूच्या भिंतीवर लावलाय, केस गेलेल्या बाईला हात धुताना स्वतःचं तोंड बघायला लागू नये म्हणून. ज्याला सुचलं त्याला सलाम.

आता तक्रार: दारात तीन पायऱ्या, रॅम्प नाही, कठडा एकाच बाजूला. केमोनंतर आईला अक्षरशः उचलून न्यायला लागलं. पार्किंगचं तर बोलूच नका. सांगितलंय त्यांना, "करतो" म्हणालेत. सकाळी लवकर जा, टेबलाची खिडकीकडची बाजू मिळते.