बंदुकीविना रिव्हेट नट: मिश्र डबा घ्यावा की सुटे नट?

वागळे इस्टेटमध्ये आणि रबाळे-महापे पट्ट्यातल्या नट-बोल्टच्या दुकानांत रिव्हेट नट, म्हणजे पत्र्याच्या भोकात घालून ओढला की मागच्या बाजूला फुगून पक्का बसणारा पोकळ नट, दोन प्रकारे मिळतात. एक म्हणजे खणाखणांचा प्लास्टिक डबा, एम-३ पासून एम-१० पर्यंत (आकडा म्हणजे आत जाणाऱ्या बोल्टची जाडी, मिमीत) सगळे माप थोडे थोडे. दुसरं म्हणजे एकाच मापाचे सुटे नट, नगावर किंवा शेकड्यावर. गाडीच्या फ्रेमवर काम असेल आणि नट ओढून बसवणारी रिव्हेट नटची बंदूक विकत घ्यायची नसेल, तर सुटेच घ्या. डब्यातले एम-३, एम-४ गाडीत कुठे लागत नाहीत, एम-१० हातानं नीट ओढला जात नाही आणि ज्या एम-६, एम-८ ची खरी गरज असते ते आठ-दहा कामांतच संपतात.

काहीजण याला नटसर्ट म्हणतात, काही रिव्हनट. पत्र्याची मागची बाजू हाताला लागत नसेल तिथे एका बाजूनंच आटे बसवायचे, हे त्याचं काम. अमेरिकेतल्या बी. एफ. गुडरिच कंपनीनं १९३० च्या दशकात तो आणला, विमानाच्या पंखांवर बर्फ काढणारे रबरी पट्टे बसवण्यासाठी. गाडीचा बॉक्स चॅनेल, म्हणजे फ्रेमची चारी बाजूंनी बंद पोलादी नळी, तसाच असतो, आत पाना जातच नाही. मडगार्डचा ब्रॅकेट, अंडरबॉडीचं पत्र्याचं कव्हर, जादा दिव्याची पट्टी, व्हॅनमधली फळी यांसाठी हा नट उत्तम.

सुटा माल घेताना तीन गोष्टी पाहा. पहिली, धातू. सोबत लोहचुंबक न्या. चिकटला तर पोलाद. चिकटला नाही आणि हातात हलका लागला तर ॲल्युमिनियम, तो परत ठेवा. ठाण्याच्या खाडीकडची दमट, खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांत ॲल्युमिनियमचा नट पोलादी पत्र्याला लागून बसला की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, पांढरी भुकटी सुटते आणि पकड जाते. दुसरी, अंगावरच्या उभ्या रेघा. गुळगुळीत अंगाचा नट गोल भोकात फिरतो, रेघांचा पत्र्याला चावतो. सहाकोनी अंगाचाही येतो, पण त्याला भोकही सहाकोनी लागतं, हातकामात तो नको. तिसरी, कॉलर, म्हणजे पत्र्यावर टेकणारी नटाच्या तोंडाची कड. रुंद चपटी कॉलर घ्या. भोकापेक्षा जेमतेम मोठी असलेली बारीक कॉलर बंदुकीविना ओढताना पत्र्यात घुसते.

चौथी गोष्ट डब्यावर बहुधा लिहिलेलीच नसते: नट किती जाडीचा पत्रा धरतो. बाजारातले नेहमीचे एम-६, एम-८ साधारण ०.५ ते ३ मिमी धरतात. बॉडीच्या पत्र्याला हे पुष्कळ झालं. बोलेरो, थारसारख्या लॅडर फ्रेमच्या (खाली शिडीसारखी वेगळी चौकट असलेल्या) गाड्यांत मात्र चॅनेल जाड असतो. आधीच्या एखाद्या भोकात टोक वाकवलेली बारीक तार अडकवून जाडी मोजा. ३ मिमीच्या वर निघाली तर लांब अंगाचा नट मागा. आखूड नट जाड पत्र्यात बसवला तर त्याला फुगायला जागाच उरत नाही आणि आटे ओढले जातात.

आता ओढायची जोडणी. एम-६ साठी लागेल तो असा: ८.८ ग्रेडचा (हा ताकदीचा आकडा) ६० मिमी लांब हेक्स बोल्ट, फुल थ्रेड, म्हणजे डोक्यापर्यंत आटे असलेला. दुकानात ‘फुल थ्रेड’ म्हणूनच मागा, नाहीतर लांब बोल्ट अर्ध्यापर्यंतच आट्यांचा मिळतो आणि नट पुढे सरकतच नाही. त्यावर एम-६ चा कपलिंग नट, म्हणजे लांब अंगाचा नट; हाच ओढणारा नट. साधा नट चालतो, पण त्याचे आटे लवकर झिजतात. मग दोन जाड वॉशर, त्याखाली, रिव्हेट नटाच्या कॉलरवर टेकणारा स्पेसर म्हणून एम-८ चा नट. तो एम-६ च्या बोल्टवरून सरळ सरकतो. एम-८ च्या रिव्हेट नटला हेच सगळं एका मापानं वर: एम-८ चा ६० मिमी बोल्ट, एम-८ चा साधा नट, स्पेसर म्हणून एम-१० चा नट. पाने १० आणि १३ चे, प्रत्येकी दोन. एम-८ करणार असाल तर वॉशरच्या जागी ५११०० नंबरचं छोटं थ्रस्ट बेअरिंग घाला, आतून १० मिमी, बाहेरून २४, जाडी ९. हाताला लागणारा जोर लक्षणीय कमी होतो. या एका भागावर पैसे खर्च करावेत असं ठाम मत आहे.

ग्रीस बोल्टच्या आट्यांना आणि ओढणाऱ्या नटाखालच्या वॉशरला लावा. स्पेसर आणि कॉलर यांच्यामध्ये ग्रीसचा थेंबही नको. तिथे घर्षण हवंच, नाहीतर रिव्हेट नट बोल्टबरोबर गोल फिरत राहील.

भोक हाच या कामाचा अर्धा भाग. एम-५ ला ७ मिमी, एम-६ ला ९, एम-८ ला ११. पंच मारून ३ मिमीनं सुरुवात करा, मग ६, मग शेवटचं माप. स्टेप ड्रिल घेताना पायऱ्या मोजा. बहुतेकांत ४, ६, ८, १०, १२ असतात, ९ आणि ११ नसतातच. तसंच १० मिमी चकच्या घरगुती ड्रिलमध्ये ११ चा बिट बसत नाही, १३ मिमी चक लागतो. इथे लोक ‘१० करून कानसीनं वाढवू’ म्हणतात आणि भोक लांबट होतं. लांबट भोकात रेघांना धरायला काही मिळत नाही, नट फिरणारच. कडेची बर (ड्रिलनं उठलेली धारदार किनार) काढा, पण भोकाला उतार देऊ नका. कापलेल्या कडेला झिंक प्रायमर लावून सुकू द्या, आणि लोखंडी बुरादा चुंबकानं पूर्ण उचला. राहिलेला कण एका पावसात गंजाचा ठिपका होतो.

ड्रिल करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि पत्र्यामागे काय आहे ते पाहा: ब्रेकची नळी, इंधनाची नळी, वायरिंग. छताच्या कडेला आणि खांबांत एअरबॅग असू शकते, तिथे ड्रिल नेऊच नका.

आता ओढणं. बोल्टचं टोक रिव्हेट नटाच्या मागून दोन आटे बाहेर येईल इतका बोल्ट फिरवा, नट भोकात घाला, कॉलर पत्र्याला पूर्ण टेकली पाहिजे. एका पान्यानं बोल्टचं डोकं घट्ट धरा, ते जरासुद्धा फिरता कामा नये. दुसऱ्या पान्यानं ओढणारा नट घड्याळाच्या दिशेनं फिरवा. स्पेसर फिरू लागला तर त्यालाही पान्यानं धरायला दुसरा माणूस घ्या. एम-६ ची एक फेरी म्हणजे १ मिमी ओढ, एम-८ ची १.२५ मिमी. आधी हलकं, मग एकसारखा जोर, मग अचानक कडक. कडक लागलं की थांबा. ‘अजून अर्धी फेरी’ हाच मोह आटे मारतो. बोल्ट मागे काढताना तो जाम लागला तर आटे ताणले गेले आहेत, तो नट बाद. म्हणून आधी भंगारातल्या तेवढ्याच जाडीच्या पत्र्यावर दोन-तीन बसवून फेऱ्या मोजा आणि तोच आकडा गाडीवर पाळा. १.५ मिमी पत्र्यात एम-६ ला साधारण तीन फेऱ्या पडतात.

अनेकांना वाटतं थेट बोल्टच फिरवून ओढता येईल. नाही. बोल्टचा सगळा पीळ रिव्हेट नटावर येतो आणि भोक सैल होतं. काही डब्यांत दातेरी तोंडाचं एक छोटं हात-अवजार येतं, ते याच तत्त्वावर चालतं. दात कॉलरला धरतात म्हणून एम-५, एम-६ ला ते स्पेसरपेक्षा बरं.

बसल्यावर कॉलरखाली नख जाता कामा नये. भाग लावताना एम-६ ला ८ न्यूटन-मीटर, एम-८ ला १८ च्या आसपास पुरे. बोल्ट सैल होऊ नये म्हणून स्प्रिंग वॉशरसारखे उपाय बोल्टाच्या बाजूनंच करा. घोडबंदर रोडच्या खड्ड्यांत सैल बोल्ट हलत राहिला की नट भोकातच ढिला होतो.

एम-१० ला हातानं लागणारा जोर मोठा आहे, तिथे बंदूक भाड्यानं घ्या किंवा वर्कशॉपमध्ये करून घ्या. आणि सीट, सीटबेल्ट, टोइंग हुक, सस्पेन्शन, स्टिअरिंग यांचं काहीही रिव्हेट नटावर टांगू नका, कोणत्याही मापाच्या. बुलबार तर अजिबात नाही. २०१७ च्या डिसेंबरमध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं अनधिकृत क्रॅश गार्डवर (म्हणजे बुलबारवरही) कारवाईसाठी राज्यांना पत्र पाठवलेलं आहे.

फिरू लागलेला नट काढायचा असेल तर कॉलर व्हाइसग्रिपनं (घट्ट धरून अडकून राहणाऱ्या पकडीनं) धरा आणि भोकाच्याच मापाच्या बिटनं कॉलर कापा, एम-६ ला ९ मिमी. उरलेला नळीचा तुकडा चॅनेलमध्ये पडून खडखडतो, तो आधी बारीक तारेनं धरून ठेवा किंवा दांड्याच्या चुंबकानं लगेच उचला. भोक गोल राहिलं असेल तर ते ११ करून एम-८ बसतो, त्यासाठी पाच-सहा एम-८ नट आधीच सोबत घ्या.